गणिताच्या बाईंसाठी

मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या सिस्टरांनी चौथ्या ओळीवर लाल रेघ मारली. अक्षरं तरीही वाचता येत होती, म्हणून वरून आणखी दोनदा पेन फिरवलं आणि कागद वर्गाच्या मॉनिटरसमोर सरकवला.

"बाकी छान आहे. उद्या सावकाश वाच."

"सिस्टर, ती ओळ सगळ्या वर्गाने मिळून लिहिलीय."

"वर्गाला अजून सगळं कळत नाही." त्यांनी टेबलावरचा वर्तणुकीचा दाखला बोटाने सरळ केला. "यावर सही उद्या मिस्सेनंतर करते. नर्सिंगच्या प्रवेशाला सोमवारपर्यंत लागतो ना?"

मॉनिटरने मान हलवली. न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

निरोपाच्या मिस्सेत, म्हणजे शाळेच्या चॅपेलमधल्या उपासनेत, शेवटच्या वर्गाने पाच प्रार्थना वाचायच्या, अशी शाळेची पद्धत होती. त्याआधी वर्गाने एकत्र बसून सगळी वर्षं आठवायची, कुणासाठी काय मागायचं ते ठरवायचं आणि कागद मुख्याध्यापिकेकडून तपासून घ्यायचा. देवाकडे जायचं तेही ऑफिसमार्गे.

मुली सकाळीच बाकं जवळ ओढून बसल्या होत्या. बोलण्यात चॅपेलच्या फरशीने गुडघ्यांना पडलेले घट्टे निघाले, सोमवारची नखांची आणि मोज्यांची तपासणी निघाली. रेडिओ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलीने मोठ्या सिस्टरांच्या चालण्याची नक्कल करून दाखवली, तेव्हा हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग कुणीतरी गणिताच्या बाईंचा विषय काढला.

बाईंचा नवरा त्यांना मारायचा. भर उन्हाळ्यात त्या मनगटापर्यंत बाह्या घालून फळ्यासमोर उभ्या राहायच्या, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे मूग गिळून बसायचे. बाईंनी त्याला सोडलं, रीतसर घटस्फोट घेतला आणि यंदा जानेवारीत कोर्टात दुसरं लग्न केलं. तेव्हा मात्र घटस्फोटानंतरचं लग्न न मानणारा धर्म शाळेला एकाएकी आठवला. परीक्षा दोन महिन्यांवर असताना पंधरा दिवसांत बाईंना घरी बसवलं, आणि मुलींना सांगितलं, बाईंची तब्येत बरी नसते. तो पहिला नवरा अजून दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो आणि मोठ्या सिस्टर त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

घरी मॉनिटरची आई शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांना टीप घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दिलंय तेवढं वाच आणि खाली उतर. आपल्याला सहीशी मतलब."

"मला भागाकार कुणी शिकवला, आई? तू तर म्हणायचीस, ही मठ्ठच राहणार."

आईने मशीन थांबवलं. "मला काय दिसत नाही का? पण पेन त्यांच्या हातात आहे, बाळा."

रात्री मॉनिटरने दाखल्याचा विचार केला, मग बाईंचा, मग परत दाखल्याचा. राग असा आला होता की उशीही टोचत होती.

दुसऱ्या दिवशी चॅपेल पालकांनी भरून गेलं होतं. मॉनिटरने पहिली प्रार्थना वाचली, आजारी माणसांसाठी. सगळं चॅपेल एका सुरात म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." दुसरी झाली, तिसरी झाली. पहिल्या बाकावरून मोठ्या सिस्टरांचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांच्या किंचित आधी येत होता. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मॉनिटरने लाल रेघेवर बोट ठेवलं. खालची अक्षरं तिला पाठ होती.

"आमच्या गणिताच्या बाईंसाठी. त्यांनी मार खाणं थांबवलं, नवा संसार मांडला, म्हणून या शाळेने त्यांना काढून टाकलं. त्यांचा वर्ग त्यांना परत मिळावा आणि ज्यांनी हा अन्याय केला त्यांना त्याची लाज वाटावी, म्हणून आपण प्रार्थना करू या."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळं चॅपेल म्हणालं. इतक्या वर्षांची सवय, तोंडं आपोआप उघडली. मोठ्या सिस्टरांचा आवाज याही वेळी सगळ्यांच्या आधी होता.

मग त्यांनी डोळे उघडले. पालक एकमेकांकडे बघू लागले. फादरांनी नजर खाली वळवली, पण मॉनिटरला थांबवलं नाही. शेवटची प्रार्थना राहिली होती. ती वर्गाने लिहिलीच नव्हती. मोठ्या सिस्टरांनी स्वतःच्या अक्षरात कागदाच्या तळाला जोडली होती. मॉनिटरने ती शब्दही न बदलता, सांगितल्याप्रमाणे सावकाश वाचली.

"आमच्या मुख्याध्यापिका आणि शाळेचं व्यवस्थापन यांच्यासाठी. त्यांनी आम्हाला सदैव माया आणि न्याय दिला. देवाने त्यांचे हात बळकट करावेत, म्हणून आपण प्रार्थना करू या."

कुणी बोललं नाही. रेडिओ ओठ घट्ट मिटून समोर बघत होती. तिच्या मागच्या रांगा गप्प होत्या, त्यांच्या मागे पालक गप्प होते, आणि त्यांच्यात आईही होती. फादर उत्तराची वाट बघत उभे राहिले.

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," पहिल्या बाकावरून मोठ्या सिस्टर एकट्याच म्हणाल्या.