एक काना

कचेरीत त्यांना सगळे कानामात्रे म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण एकोणतीस वर्षं मुद्रितं तपासण्यात खरं आडनाव इतकं मागे पडलं होतं, की हजेरीपुस्तकात ते दिसलं की त्यांनाच क्षणभर प्रश्न पडे, हे गृहस्थ कोण?

वर्तमानपत्र संध्याकाळचं. पानं दुपारी एकला सुटत, आणि चारच्या आत अंक चौकाचौकांत पोचलेला असे. कानामात्र्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या बेचक्यात होती. खिडकी रंगाने चिकटून बसली होती, ती कोणाच्याने उघडत नसे. तळघरात यंत्र सुरू झालं की टेबलावरची बशी थरथरू लागे. ती थरथरली की कानामात्रे लाल पेन्सिल खिशाला लावत, कारण त्यानंतर चूक सापडून उपयोग नसे.

माणूस अतिशय भिडस्त. दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी माफी आपण मागणार. बैठकीत दाराजवळची खुर्ची धरणार आणि विचारल्याशिवाय हूं की चूं करणार नाही. विचारलं तरी आधी घसा खाकरणार, आणि तेवढ्यात दुसरं कोणीतरी बोलून मोकळं झालेलं असे. त्यांच्या मनात नेहमी येई, की आपल्याला मत असायला हवं असं काही नाही, आपल्याला ऱ्हस्वदीर्घ आहे. एका गोष्टीचा मात्र त्यांना गुपचूप अभिमान होता. दुसऱ्या पानावर तळाशी 'चूकभूल' नावाची चौकट असे. आदल्या दिवसाच्या चुका त्यात कबूल करायच्या आणि खाली 'मुद्रितशोधक' असं छापायचं. गेल्या सहा वर्षांत ती चौकट पाच वेळाच लागली होती. चार महिन्यांनी निवृत्त होताना ती पाचाची सहा होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक पिवळा पडलेला कागद होता. वर्तमानपत्र काढणाऱ्या थोरल्या साहेबांनी स्वतःच्या अक्षरात त्यावर नियम लिहून ठेवला होता. मुद्रित मूळ प्रतीशी ताडून पाहावे. मजकूर कापायचा तर संपादकाने खुशाल कापावा. पण शब्द बदलायचा तर समासात सही करावी. सही नसलेला बदल ही चूक समजून दुरुस्त करावी. थोरले साहेब जाऊन अकरा वर्षं झाली होती. आता त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब, कारभार पाहत. त्यांनी हा कागद कधी वाचलेला नव्हता, कारण ते दुसऱ्या मजल्यावर कधी आलेच नव्हते.

लढाईला तिसरा महिना लागला, आणि कचेरीतल्या क्रियापदांचं काहीतरी बिघडलं. शत्रू बॉम्ब 'टाकत' असे. आपले बॉम्ब मात्र आपोआप 'पडत'. शत्रू माणसं 'मारत' असे. आपल्याकडून माणसं 'मृत्युमुखी पडत'. असा हुकूम कागदावर कुठेच नव्हता. धाकटे साहेब असल्या गोष्टी तोंडी सांगत. ते संपादकांना सांगत, संपादक बातमीच्या टेबलावर सांगत, आणि सांगताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. कानामात्रे हे सगळं पाहत होते. समासात संपादकांची सही असली की ते गुमान पुढचं पान घेत. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार, आणि त्यातून आपण तर पाण्यातलं शेवाळ, असं ते मनाशी म्हणत.

मग ताईंची बातमी आली.

ताई म्हणजे त्यांच्या वर्तमानपत्राची युद्धावरची बातमीदार. नऊ दिवस त्या सीमेपलीकडे होत्या. सकाळी साडेदहाला त्यांचा फोन आला, आणि तो घेतला जुळणीवाल्या बाईंनी. बाई यंत्रावर अक्षरं जुळवत आणि बाहेरगावच्या बातम्या फोनवरून उतरवून घेत. लाइन खराब होती. अख्खी खोली ऐकत होती, कारण बाई प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणत होत्या. एका गावातली शाळा. सकाळची वेळ. आपल्या हवाई दलाची चार विमानं. ताईंनी स्वतः पाहिलेली, शेपटीवरच्या खुणेसकट. एकवीस मृत, त्यांतली सतरा मुलं. मथळ्यापाशी लाइन खरखरली, तेव्हा पलीकडून ताईंनी शब्द फोडून सांगितला. "पडले नाही हो बाई. पाडले. प ला काना. काना ऐकू आला ना?"

बाई म्हणाल्या, "आला. प ला काना." आणि त्यांनी तो लिहिला.

बाराला पहिल्या पानाचं मुद्रित कानामात्र्यांच्या टेबलावर आलं. त्यांनी डाव्या हाताला बाईंनी उतरवलेली ताईंची प्रत ठेवली, उजव्या हाताला मुद्रित. चार विमानांचं वाक्य गेलं होतं, शेपटीवरची खूण गेली होती. ते कापणं झालं, संपादकांचा अधिकार. मथळा होता: 'शाळेवर बॉम्ब पडले, एकवीस ठार'. प्रतीत होतं 'पाडले'. त्यांनी समास पाहिला. समास कोरा होता.

त्यांनी पान उलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. सही कुठेही नव्हती.

ती का नव्हती हे त्यांना नीट कळत होतं. संपादक वाईट माणूस नव्हता. शब्द बदलायला त्याचा हात चालला होता, सही करायला चालला नव्हता. कानामात्रे बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत बसले. फळ पिकून पडतं, त्यांच्या मनात आलं. छप्पर जुनं होऊन पडतं, माणूस पाय घसरून पडतो. बॉम्ब कशाने पिकतो? 'पडले' वाचलं की वाचणारा हळहळेल आणि पान उलटेल. 'पाडले' वाचलं की विचारील, कोणी?

काचेखालचा नियम त्यांना तोंडपाठ होता, तरी त्यांनी तो पुन्हा वाचला. मग लाल पेन्सिलीने 'प' पुढे एक उभी रेघ ओढली, समासात दुरुस्तीची खूण केली आणि खाली आपली आद्याक्षरं घातली. पान खाली गेलं. सव्वाला बशी थरथरू लागली. कानामात्र्यांनी लाल पेन्सिल खिशाला लावली.

संध्याकाळपर्यंत कचेरीतला एकही फोन गप्प बसला नाही. शिव्या देणारे होते, रडणारे होते, आणि बरेच जण नुसतं विचारत होते, कोणी पाडले? सातच्या सुमाराला शत्रूच्या रेडिओने तो मथळा जसाच्या तसा वाचून दाखवला. तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी तर वेगळंच वाट पाहत होतं. कानामात्र्यांचा जावई हवाई दलात विमानांचा मेकॅनिक होता. लढाई सुरू झाल्यापासून लेक माहेरी राहायला आली होती. रात्रीच्या जेवणाला ती ताटावर बसली, पण बापाकडे बघेना. शेवटी बायकोनेच विषय काढला. जावयाचा फोन येऊन गेला होता. तळावर अंक पोचला होता, आणि पोरं त्याला विचारत होती, तुझा सासरा कोणत्या बाजूचा?

"मग तू काय सांगितलंस?" कानामात्र्यांनी लेकीला विचारलं.

"सांगितलं, छापण्याची चूक आहे म्हणून," ती म्हणाली. "दुसरं काय सांगू, बाबा? त्यांना तिथे दिवस काढायचेत."

त्यांना तिचा राग आला नाही. पण त्यांनी ताट बाजूला सारलं. एकोणतीस वर्षं ज्या गोष्टीला जीव घाबरला, तीच पोटच्या पोरीने त्यांच्या नावावर लावली होती, आणि तीही मायेपोटी.

दुसऱ्या दिवशी दहाला त्यांना चौथ्या मजल्यावर बोलावलं. धाकट्या साहेबांच्या खोलीत गालिचा इतका जाड होता की आपण आलो हे आपल्यालाच ऐकू येत नसे. संपादक आधीच येऊन बसले होते. त्यांच्यापुढे एक टाइप केलेला कागद होता. 'कालच्या अंकात पहिल्या पानावरील मथळ्यात 'पडले' ऐवजी 'पाडले' असे चुकून छापले गेले. वाचकांनी दुरुस्त करून वाचावे. — मुद्रितशोधक.'

संपादक समजुतीने बोलले. एक काना चुकून पडला, म्हणाले, कोणाच्याही हातून पडतो. सीमेवर आपली पोरं आहेत, त्यांच्या मनाला उभारी हवी. आज शत्रू आपला मथळा वाचून दाखवतो, उद्या कोणी कचेरीवर दगड घेऊन येईल, मग बाकीच्या बातम्या तरी कुठे छापणार? हे सगळं खोटं होतं असं नाही. कानामात्र्यांनाही त्यातलं निम्मं पटत होतं, आणि म्हणूनच नाही म्हणणं जड जात होतं. शेवटी संपादकांनी सांगितलं, की या चौकटीपायी कोणाची नोकरी जाणार नाही, चार महिन्यांनी रीतसर निरोपसमारंभ होईल. फक्त या कागदावर आद्याक्षरं घालायची.

कानामात्र्यांनी घसा खाकरला. या वेळी मध्ये कोणी बोललं नाही.

"ही चूक नाही, साहेब," ते म्हणाले. "प्रतीत 'पाडले' आहे. मुद्रितात 'पडले' झालं होतं, आणि समासात सही नव्हती. सही नसेल तर ती चूक धरायची, असा थोरल्या साहेबांचा नियम आहे. मी चूक काढली."

धाकटे साहेब हसले. "ध चा मा करून ठेवलात, आणि वर आम्हाला नियम शिकवता?"

"ध चा मा माझ्याकडे येण्याआधी झाला होता. मी परत ध केला."

संपादकांनी खाली पाहिलं. कानामात्र्यांना आपलाच आवाज ओळखू येईना. पण तोंड एकदा उघडलं होतं, आणि आत जे साठलं होतं ते सगळं काही ऱ्हस्वदीर्घाचं नव्हतं. त्यांनी कालचं मुद्रित घडी करून आणलं होतं. ते त्यांनी टेबलावर उलगडलं, खिशातली लाल पेन्सिल काढली आणि कोऱ्या समासावर आडवी ठेवली.

"इथे सही करा," ते म्हणाले. "दोघांपैकी कोणीही. 'पाडले'चं 'पडले' सही करणाऱ्याने केलं, एवढाच त्याचा अर्थ. मी आत्ता खाली जाऊन काना काढतो आणि चूकभूल माझ्या नावावर घेतो. उद्यापासून तुम्ही म्हणाल ते पडेल."

धाकट्या साहेबांनी संपादकांकडे पाहिलं, संपादकांनी घड्याळाकडे. पेन्सिल तशीच पडून राहिली.

"एका रेघेसाठी?" धाकटे साहेब शेवटी म्हणाले. "अहो, एकोणतीस वर्षं पाण्यात घालाल. एक रेघ चुकून पडली म्हणा आणि सुटा."

"ती पडली नाही, साहेब. मी पाडली."

त्यांना घरी जायला सांगण्यात आलं. कानामात्र्यांच्या मनात आलं, या वाक्यालाही कर्ता नाही. कारण तसं कोणी सांगितलं नव्हतं, धाकट्या साहेबांनी फक्त दाराकडे बोट केलं होतं. जाता जाता ते आपल्या खोलीत गेले, टेबलावरची काच उचलली, थोरल्या साहेबांचा कागद घेतला आणि जिना उतरले. खालच्या वळणावर जुळणीवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात चूकभुलीचा टाइप केलेला कागद होता. आता तो थेट त्यांच्याकडेच आला होता. आद्याक्षरं नव्हती. मध्ये मुद्रितशोधक नव्हताच.

"तुमच्या नावाने छापायला सांगतायत," बाई म्हणाल्या.

"छापा," कानामात्रे म्हणाले. "तुमची रोजीरोटी आहे. मी मनाला लावून घेणार नाही." आणि त्यांनी सवयीने बाईंची माफी मागितली.

दुपारी घरी बसण्याची सवय नसल्याने ते या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. सव्वाला त्यांनी टेबलावरच्या बशीकडे पाहिलं. बशी स्थिर होती. चारला लेक कोपऱ्यावरून अंक घेऊन आली. चप्पल न काढता ती तशीच दारात उभी राहिली आणि दुसरं पान उघडून वाचू लागली. मग तिने ते पुन्हा वाचलं, मोठ्याने.

"'कालच्या अंकात पहिल्या पानावरील मथळ्यात 'पाडले' ऐवजी 'पाडले' असे चुकून छापले गेले. वाचकांनी दुरुस्त करून वाचावे.'"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "म्हणजे काय झालं?"

म्हणजे काय झालं ते गल्लीच्या तोंडाशी आधीच कळलं होतं. दुकानासमोर माणसं तो अंक एकमेकांना वाचून दाखवत होती आणि पोट धरून हसत होती. हसता हसता कोणीतरी थांबून म्हणत होतं, पण ते पाडले कोणी, हे नाहीच सांगितलं. मुद्रित तपासायला कोणी नसताना बाईंची बोटं चुकली, की चुकली नाहीत, हे कानामात्र्यांनी पुढे कधी विचारलं नाही, आणि बाईंनीही सांगितलं नाही. काना मात्र बाईंना ऐकू आलेला होता.

फोन वाजला. लेकीने धावत जाऊन उचलला. जावई होता. ती थोडा वेळ नुसतं ऐकत राहिली, 'हं, हं' करत. मग तिने बापाकडे पाहिलं, काल संध्याकाळपासून पहिल्यांदाच.

"नाही हो," ती फोनमध्ये म्हणाली. "काल मी खोटं सांगितलं. छापण्याची चूक नव्हती ती. बाबांनी दिला होता काना."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं, आणि ते ऐकून लेक खुर्चीवर बसली. काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही. कानामात्र्यांनीही विचारलं नाही, भिडस्त माणूस.

त्यांनी अंक गुडघ्यावर घेतला. चौकटीवर नजर गेली तसा हात आपोआप खिशाकडे गेला. लाल पेन्सिल तिथे नव्हती. ती चौथ्या मजल्यावर, कोऱ्या समासावर राहिली होती. बायकोने ते पाहिलं आणि कपाटावरचं निळं पेन त्यांच्यापुढे धरलं.

"काय हो, चूक आहे ना यात?"

"आहे."

"मग?"

कानामात्र्यांनी अंकाची नीट घडी घातली.

"राहू दे," ते म्हणाले.