शेपटीचं ठिगळ

रुचिरनं घोरपडीच्या पोटावरचं बटण दाबलं. खटकन आवाज झाला, मागच्या फटीतून हिरवी शेपटी बाहेर आली, लुकलुकली आणि खेळणं कर्कश आवाजात गाऊ लागलं. त्यानं पुन्हा बटण दाबलं, पण गाणं काही थांबेना. शेवटी त्यानं ते टेबलावर उलटं पाडलं आणि वर आपली जाडजूड वही ठेवली. वहीखालूनही ते गातच राहिलं.

"पूर्ण कडवं झाल्यावरच बंद होतं, सर," समोर बसलेला समर्थ ओशाळं हसत म्हणाला. "मुलांना आवडतं ते."

"मुलं माती पण आवडीनं खातात," रुचिर म्हणाला.

समर्थ खेळण्यांच्या कंपनीचा माणूस होता. आला तेव्हा बूट जिन्याखाली काढून आला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि प्रत्येकापुढे एकेक चकचकीत खोका ठेवला. त्याच्या या गोड वागण्यानं रुचिरचं डोकं जास्तच फिरलं होतं. उद्धट माणूस आला असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं.

लोणावळ्याच्या बाजारात अपूर्वाच्या वडिलांचं चिक्कीचं दुकान होतं. त्याच्या माळ्यावर, रिकाम्या खोक्यांच्या गराड्यात, महिन्यातल्या एका रविवारी दुपारी 'कडेकपारी' या कार्टून मालिकेचे चाहते जमत. सगळी शहाणीसुरती, मोठी माणसं. अपूर्वा स्वतः बँकेत होती, प्रज्ञेश इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि निलेश कार्ल्याहून मोटारसायकलवर यायचा, तळेगावच्या एका कारखान्यात कामाला होता. रुचिर तळेगावात शाळेत गणित शिकवायचा. नवरा रविवारी कुठे जातो हे त्याची बायको चारचौघांत सांगायची टाळत असे. खाली गूळ कढत होता. एरवी रुचिरला हवाहवासा वाटणारा तो वास आज घशाशी येत होता.

या मंडळींचा एक ठरलेला खेळ होता. त्याचं नाव ठिगळ. एकानं मालिकेतली चूक पकडायची, म्हणजे तिसऱ्या भागात चिंगी या छोट्या नायिकेच्या कानात डूल आहेत आणि पुढच्याच प्रसंगात नाहीत, अशी. मग बाकीच्यांनी त्या चुकीचं कारण शोधायचं, तेही मालिकेच्या आतलंच. 'चित्रकार विसरला' हे उत्तर बाद. ओढ्याकाठी काटेरी झुडूप दिसतं, तिथं डूल अडकले असतील, हे उत्तर चालायचं. रुचिरच्या वहीत चुका लाल शाईनं होत्या आणि ठिगळं हिरव्या. चार वर्षांत दोनशेच्या वर चुका झाल्या होत्या. त्यांतली नामी ठिगळं बहुतेक रुचिरची होती. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांत जास्त त्याला स्वतःला.

सातव्या भागाला मात्र कधी ठिगळ लागलं नव्हतं, कारण त्यात चूकच नव्हती. चिंगी कड्यावरून घसरते, घोरी नावाची घोरपड तिला वाचवायला धावते आणि वरून आलेल्या दगडाखाली घोरीची शेपटी अडकते. शेपटी तिथंच टाकून ती चिंगीला वर घेऊन येते. 'शेपटी गेली, पकड न्हाई गेली,' एवढंच बोलते आणि पुढे चालू लागते. घोरपडीची शेपटी पालीसारखी पुन्हा उगवत नाही, हे मालिकेनं पुढचे पाच भाग प्रामाणिकपणे पाळलं होतं.

निलेश या मंडळींत आला तो त्या भागामुळे. तीन वर्षांपूर्वी कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या मशीनमध्ये त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यात हाताला पट्ट्या बांधून पडलेला असताना त्यानं पुतणीच्या मोबाइलवर सातवा भाग अकरा वेळा पाहिला, आणि मग चाहत्यांच्या ग्रुपवर चार ओळींचा निरोप पाठवला. त्याला पहिलं उत्तर रुचिरनं दिलं होतं. मागच्या महिन्यात शेपटीवाल्या खेळण्याचा फोटो फिरू लागला, तेव्हा निलेशनं त्यालाच फोन केला.

"सर, शेपटी परत येनार काय वं तिची?"

"शक्यच नाही," रुचिरनं छातीठोकपणे सांगितलं होतं. "सातव्या भागात एक फट नाही. आणि कुणी ठिगळ लावायला आलंच, तर पहिला मी फाडीन."

आज ते ठिगळ मागायला माणूस दारात आला होता.

"साचा आधीच तयार झाला, सर," समर्थ सांगत होता. "बिनशेपटीचं खेळणं दुकानदार घेईनात. मोडकं आलंय म्हणून परत करतात. दिवाळीला आमच्या कंपनीच्या पैशावर 'कडेकपारी'ची नवीन मालिका सुरू होतेय, त्यात घोरीला शेपटी असणार, ते ठरलंय. फक्त कशी आली ते तुमच्यासारख्या जाणकारांनी सांगावं, अशी आमची इच्छा. कथासाहाय्य म्हणून पडद्यावर नाव येईल."

प्रज्ञेशनं मान वर केली. नाव म्हटल्यावर अपूर्वाचाही खोका उघडता उघडता हात थांबला. रुचिरला दोघांचाही राग आला.

"म्हणजे आधी प्लास्टिक ओतायचं आणि मग त्यात गोष्ट कोंबायची," तो म्हणाला. "वर ते कोंबायचं काम आम्ही करायचं. लाज वाटत नाही? पाच वर्षं लोकांनी या जनावराला जीव लावला. उद्या दुकानदार म्हणाले चाकं बसवा, तर चाकं बसवाल."

 चाकांचा विचार झाला असावा असं समर्थच्या चेहऱ्यावरून वाटलं. रुचिरला शिसारी आली.

निलेश खिडकीशी बसला होता. त्याचा खोका तसाच बंद होता.

"साहेब, तशीच ऱ्हाऊ द्या की तिला," तो म्हणाला. "लय लोकं हायेत तिच्यावानी."

"मला पटतंय, दादा," समर्थ म्हणाला, आणि त्याला खरंच पटत असावं. "पण तुम्ही नाही सांगितलंत तर आमच्या लेखकांनी लिहिलंय ते जाईल. वाचू का? बरोबर आहे का तेवढं तरी बघा."

त्यानं मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "आवाज रेकॉर्ड करतो हं, मला पटापट लिहिता येत नाही," असं म्हणून तो कागदावरून वाचू लागला. "नवव्या भागात घोरी झऱ्यात उतरते. त्या झऱ्याच्या पाण्यात जादू असते..."

"नवव्या भागात झरा आटलेला आहे," रुचिर म्हणाला.

"अच्छा. मग दहाव्यात?"

"दहाव्यात ती दिवसभर चिंगीच्या टोपलीत बसलेली आहे. आणि जादू कसली? आख्ख्या मालिकेत एक जादू नाही. कोण आहेत हे लेखक? मालिका पाहिली तरी आहे का त्यांनी?"

"दुसरं एक आहे. ती स्वप्न बघत होती, असं."

प्रज्ञेश फस्सकन हसला. "मग चिंगी वाचली तेही स्वप्नच? आणि आठव्या भागात तिच्या गुडघ्याला खरचटलंय, ते?"

"वैदूचा लेप?" अपूर्वा म्हणाली.

"वैदू पाचव्या भागात गाव सोडून गेला," रुचिर तिच्यावर खेकसला. त्याची वही आता उघडी होती. चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच सोडून वर्गाबाहेर पडणं त्याला कधी जमलं नव्हतं. समोरचा कागद म्हणजे शुद्ध गाढवपणा होता, आणि हा गाढवपणा दिवाळीत घरोघरी दिसणार होता. त्याची बोटं पानं उलटत अकराव्या भागाशी आली. तिथं एक लाल नोंद होती, जिच्यापुढची हिरवी जागा तीन वर्षं रिकामी होती.

"थांबा," तो म्हणाला. "अकरावा भाग, चौदावं मिनिट. घोरी लेण्यात शिरते. अंधारात डोळे चमकतात. किती डोळे?"

"चार!" प्रज्ञेश ओरडला. "ती चूक आहे ना? तिला ठिगळच सापडत नव्हतं."

"ती चूक नाहीये. आत दोन घोरपडी आहेत. बाहेर एकच येते, धुक्यात, आणि आपल्याला फक्त तिचं डोकं दिसतं. बाराव्या भागात ती एकदाही मागून दिसत नाही. तपासून बघा. जी बाहेर आली ती घोरी नाहीच. तिची बहीण आहे. चिंगी तिला घोरी म्हणून हाक मारते आणि ती ओ देते. तिची शेपटी तुटलेलीच नव्हती."

 प्रज्ञेशनं टाळी वाजवली, अपूर्वा "बाई गं!" म्हणाली. रुचिरनं हिरवं पेन काढून ती रिकामी जागा भरली. एका ठिगळात दोन फटी बुजल्या होत्या. इतकं चपखल त्याला आजवर सुचलं नव्हतं. त्याचे कान आनंदानं गरम झाले होते.

"म्हंजी आता जी हिंडनार ती घोरी न्हाईच?" निलेशनं विचारलं.

"नाही. नाव तेवढं तेच."

"आन आपली?"

रुचिरचं पेन थांबलं.

"ती... ती राहते लेण्यात."

"एकलीच?"

खाली कुणीतरी चिक्कीचा ट्रे आपटून मोकळा केला. निलेश उठला आणि टेबलापाशी आला.

"माज्या प्रेसवर बी आता दुसरा हाय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "समदी त्याला निलेशच म्हनत्यात. मशीनचं नावच पडलंय ते. मी स्टोअरला असतो, हातमोजे वाटतो." त्यानं वहीतली ओली हिरवी ओळ वाचली, दोनदा वाचली. "बसलंय, सर. कुटं जोड दिसत न्हाई."

"निलेश, मी फक्त त्यांची चूक दाखवत होतो."

"व्हय. कळलं की मला."

त्यानं आपला बंद खोका उचलून रुचिरच्या पिशवीत ठेवला. "तुमच्या शाळंत कुनाला तरी द्या," म्हणाला आणि जिना उतरून गेला. रुचिर खिडकीशी धावला. खाली निलेशनं मोटारसायकल सुरू केली, डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी क्लच धरला आणि गर्दीतून वाट काढत महामार्गाकडे निघाला. त्यानं वर पाहिलं नाही.

"ते घेऊ नका," रुचिर वळून म्हणाला. "मी बोललो ते. पुसून टाका."

"सर, तुमच्या मर्जीविरुद्ध काही होणार नाही," समर्थ म्हणाला. "मी लिहून पाठवतो. वाचा आणि 'नको' एवढं कळवा. मग विषय संपला."

तळेगावला जायला रुचिर स्टेशनवर आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्याला स्वतःची किळस आली होती, सरळ आणि स्वच्छ, तोंडात कडू यावं तशी. आपण विकले गेलो असतो तरी बरं, असं त्याला वाटलं. आपण तर फुकट, खुशीनं, टाळी घेऊन दिलं. फोन थरथरला. समर्थचा निरोप होता. रुचिर बाकावर बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि 'नको' लिहायला अंगठा टेकवला. पाठवण्याआधी मजकूर एकदा वाचावा म्हणून वर सरकला.

'नवव्या भागातील लेण्याच्या प्रसंगात, चार डोळे...'

नवव्या! नवव्या भागात लेणं आहे कुठे? एवढं स्पष्ट सांगूनही. त्यानं दात खाल्ले आणि भराभर लिहिलं : 'नववा नाही, अकरावा. मिनिट चौदावं. आणि धुक्याचा उल्लेख राहिलाय, त्याशिवाय पटणार नाही.' पाठवलं.

लगेच उत्तर आलं. 'थँक्यू सर! दुरुस्त केलं. मग हेच पक्कं समजतो.'

रुचिर फोनकडे बघत राहिला. गाडीची घोषणा झाली तसा तो गडबडीनं उठला, पिशवी बाकाच्या कडेला आपटली आणि आतलं खेळणं गाऊ लागलं. त्यानं पिशवी छातीशी दाबून धरली. फलाटावरची माणसं वळून बघू लागली, आईच्या कडेवरचं एक मूल हसून हात पुढे करू लागलं. गाडी येऊन थांबली तरी कडवं संपलं नव्हतं.