बिनतेलाचा पाला

अंगणात अजून उजेड होता. पळसाच्या पानावर वाढलेला भात चैतीच्या पुढ्यातच होता, पण तिचा हात पडला तो पानाबाहेर, मातीत. पुन्हा तसेच झाले. मग सुकरीने मुलीचे मनगट धरून भातावर ठेवले आणि वर न बघता म्हणाली, "पाला खाऊन राह्यली रोज. तरी असंच करते."

ती हे इंदुताईंना ऐकवत होती. इंदुताई नागपूरला रसायनशास्त्र शिकलेल्या. धानोऱ्यापलीकडच्या या जंगलगावात त्या उन्हाळाभरासाठी आल्या होत्या. चुलीवर चढण्याआधी घरोघरचे अन्न तोलायचे, आणि त्यातून अंगाला काय मिळते ते पाहायचे, हे त्यांचे काम. गावाने शेते काढताना मोह, आंबा आणि चारोळी देणारा चार ही झाडे पाडली नव्हती. धान त्यांच्यामधल्या जागेत पेरले जाई आणि कुंपणाला शेवगा असे. त्याला इथे मुंगणा म्हणत.

तीन वर्षांची चैती गोवरातून उठली तेव्हापासून तिला संध्याकाळी दिसेनासे झाले होते. हे रातांधळे आहे आणि त्याचे औषध कुंपणातच आहे, असे इंदुताईंनीच सांगितले होते. मुंगण्याच्या पाल्यात नजरेला लागणारे सत्त्व भरपूर असते. शिवाय माशाच्या तेलाची शिशी आणायला गावातला डोमा बैलगाडी घेऊन गडचिरोलीला गेला होता. त्याचा मात्र पत्ता नव्हता. डोमाचे बैल प्रत्येक नाल्यावर पाव्हण्यासारखे बसून घेतात, असे गावात म्हणत.

सकाळी इंदुताईंनी मुलीला उन्हाकडे तोंड करून उभे केले. डोळ्यातल्या पांढऱ्याची ओल गेली होती. काळे बुबुळ आरशावर वाफ धरावी तसे मंद दिसत होते, आणि डाव्या बुबुळाच्या कडेला एक पांढुरका ठिपका होता. याच्या पुढची पायरी त्यांना माहीत होती. बुबुळ मऊ पडते, फुटते, आणि मग कुठलेच तेल, कुठलाच पाला उपयोगाचा राहत नाही. त्याला किती वेळ लागेल हे मात्र सांगता येत नव्हते.

पाला तर पोटात जात होता. त्यांनी स्वतः तोलून दिला होता. मग अडले कुठे?

दुपारी त्या चुलीपाशी बसून राहिल्या. सुकरीने पाला उकळला, मीठ टाकले, उतरवला. इंदुताईंनी मडक्यात वाकून पाहिले. पाण्यावर तेलाचा एकही थेंब तरंगत नव्हता. टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल या घरात नेहमी असे. शिंक्यात त्याचे मडके लटकलेले होते. त्यांनी विचारले तेव्हा सुकरीने दाराकडे पाहिले. तिची सासू बुधरी तिथे बसून चाराच्या बिया फोडत होती.

उत्तर बुधरीने दिले. गोवर म्हणजे माता घरात आलेली. तिला तळणीचा वास खपत नाही. भुमक, म्हणजे गावचा पुजारी, दूरच्या गावी मरणाच्या विधीला गेला होता. तो येऊन मातेला वाटेला लावील, तोवर या घरात तेल उघडायचे नव्हते. दोन वर्षांमागे सुकरीचा मुलगा गोवरातच गेला. त्या दिवशी शेजारच्या घरी मासे तळले होते. हे सांगताना बुधरीचा आवाज जराही चढला नाही.

इंदुताईंना स्वतःची चूक दिसली. पाल्यातले ते सत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही. त्यांनी पाला तोलला होता, तेलाचे विचारलेच नव्हते.

इंदुताई नाल्यावर गेल्या तेव्हा सुकरी मागोमाग आली.

"तुमच्या शिशीतलं तेल द्या जरासं. मी इथीच पाजतो तिले. बुढीले समजनार नाई."

इंदुताईंकडे तिळाच्या तेलाची एक शिशी होती. हो म्हणणे सोपे होते. पण डावा डोळा कदाचित आधीच गेला असेल. चोरून तेल पाजले आणि डोळा फुटला, तर या घरात सुकरीचे काय होईल? एक लेकरू आधीच गेलेले, दुसऱ्याचा दोष तिच्याच माथी येईल. आणि नाही म्हणावे, तर डोळे जाणार. त्या सरळ सुकरीच्या घराकडे वळल्या.

बुधरी अजून चार फोडत होती. जात्याच्या दगडाखाली बिया कडकड फुटत होत्या आणि सुपात चारोळीचा लहानसा ढीग झाला होता. व्यापारी ती घेऊन मीठ देई. घरात कोणी खात नसे. इंदुताई सुपासमोर बसल्या. चारोळी कुटून पाल्यात घातली तर चालेल का, असे त्यांनी विचारले. चुलीवर चढवायची नाही, फोडणी नाही, वास नाही.

बुधरीने एक दाणा उचलला, अंगठ्याखाली चिरडला आणि बोट उजेडात धरले. बोट चकाकत होते.

"खरं सांगा बाई. याच्यात तेल हाय का नाई?"

सुकरी दारात उभी होती. चैतीचे तोंड तिच्या पोटाशी होते.

"आहे," इंदुताई म्हणाल्या. "अर्ध्याहून जास्त तेलच आहे."

बुधरीने बोट लुगड्याला पुसले.

"तुमी नाई म्हनलं असतं, तं मी दाना देल्ला नसता," ती म्हणाली. मग उठली. "जळालं नाई, वास सुटला नाई. मी देतो, माह्या हातानं. मातामाय रागावली तं माह्यावर रागावन. सुकरी, तू हात लावू नको."

तिने मूठभर चारोळी पाट्यावर वाटली, उकडलेल्या पाल्यात कालवली आणि नातीला भरवली. पावसाळ्याच्या मिठाचे काय, असे सुकरीने हळूच विचारले. अळणी खाऊ, मला दात तरी कुठे आहेत चव घ्यायला, असे म्हातारी म्हणाली. हसले कोणीच नाही.

त्यानंतर सुपातला ढीग रोज थोडा कमी होत गेला. इंदुताई रोज सकाळी डोळे पाहत, आणि रोज बुधरी त्यांचे तोंड पाही. आधी काहीच बदलले नाही. एका सकाळी पापणीखाली ओल दिसली. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. ओल दुसऱ्या दिवशीही टिकली, तेव्हा सांगितले.

त्याच संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, बुधरीने चारोळीचे दोन दाणे अंगणात टाकले. चैती वाकली. तिने एक उचलला आणि तोंडात टाकला. मग ती थांबली. सुकरीचा श्वास ऐकू येत होता. चैती दोन पावले पुढे गेली, वळचणीच्या सावलीत बसली आणि दुसराही उचलला.

डोमा आला तेव्हा गाडीत शिशी होती आणि शिशीच्या शेजारी भुमक. त्याच्यासाठीच वाटेत थांबलो, डोमा म्हणाला. मातेला गावाच्या शिवेपर्यंत पोचवले, आणि मग माशाचे तेल उघडले. बुधरीने शिशी हुंगली, तोंड फिरवले आणि म्हणाली, मातेला घालवायला भुमक कशाला पाहिजे होता, हा वास पुरला असता.

चैतीने तेल गिळले. बुधरीने तिची हनुवटी धरून डोळे उजेडाकडे वळवले.

"हा ठिपका?"

"तो राहील," इंदुताई म्हणाल्या. "पण दोन्ही डोळ्यांनी दिसेल."

बुधरीने मान हलवली आणि रिकामे सूप भिंतीला टेकवून ठेवले.