आधी मोजून बघू

भिंगरीचा ताप उतरला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण जेवणवेळेला पोर डोळे उघडेना आणि हातपाय बर्फासारखे गार पडले. भिंगरी म्हणजे माझी सात वर्षांची भाची, दादाची मुलगी. घटकाभर एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. दादा तिला खांद्यावर टाकून हॉस्पिटलकडे धावला. मी आणि वहिनी मागोमाग.

अतिदक्षता विभागात तिला भराभर सलाईन चढवलं. ब्लडप्रेशरचा आकडा बरा दिसत होता, पण हाका मारूनही ती ओ देईना. लघवीची पिशवी कोरडी ठणठणीत.

"मॅडम, आणखी एक बाटली लावू?" तरुण डॉक्टरांनी विचारलं.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचं पोट चाचपलं. "यकृत वाढलंय. थांब, आधी मोजून बघू."

त्यांनी तिच्या गळ्याच्या खळगीत जेल लावून पेनाएवढी एक नळी टेकवली. मशीनमधून सूं-सूं आवाज यायला लागला. वहिनीनं माझा दंड घट्ट धरला.

"दुखत नाही हो," बाई म्हणाल्या. "दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतंय, ते कळतं यातून. हिचं फार कमी पडतंय."

"पण ब्लडप्रेशर चांगलंय ना?" दादानं विचारलं.

"तिथंच फसायला होतं. हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळल्यात, म्हणून दाब टिकलाय. जंतुसंसर्गानं हृदय थकलंय. आता आणखी पाणी भरलं तर त्याला पेलणार नाही."

सलाईन थांबलं. हृदयाला जोर देणारं औषध थेंबाथेंबानं सुरू झालं. तरुण डॉक्टर खुर्ची ओढून तिच्या उशाशीच बसले. थोड्या थोड्या वेळानं पुन्हा मोजायचे, औषध किंचित वाढवायचे. मला आकड्यांतलं काय कळणार? मी तिची पावलं हातात धरून बसले.

कधीतरी ती पावलं कोमट लागली. भास असेल म्हणून मी हात बदलून पाहिला.

"वहिनी, हात लाव गं!"

तेवढ्यात नर्स ओरडली, "झाली हो, लघवी झाली!"

"अंथरूण ओलं केलं की ओरडायचो मी हिला," दादा म्हणाला, "आणि आज नाचावंसं वाटतंय!" हसता हसता तो भिंतीकडे तोंड करून हमसून रडला.

काही दिवसांनी भिंगरीला घरी सोडलं. निघताना दादानं बाईंपुढे हात जोडले. त्यांनी तरुण डॉक्टरांकडे बोट दाखवलं, "यांना सांगा. त्या दिवशी जेवायलासुद्धा उठले नाहीत." डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. वहिनीनं त्यांच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

रस्त्यावर भिंगरीनं चालायचाच हट्ट धरला. चार पावलं टाकायची आणि दमून पायरीवर बसायची. आम्हीही शेजारी बसायचो. घरी पोचायची आमच्यापैकी कुणालाच घाई नव्हती.