ऑप्शनला टाकलेलं पान

मी स्पॅनिश क्रियापदांचं एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. माझ्या नशिबी आले तेवढे आळशी लोक तुमच्या वैऱ्याच्याही नशिबी न येवोत.

दिल्लीत छापून निघालो तेव्हा मोठा ऐटीत होतो. मग सक्करदऱ्याच्या एका भाषेच्या क्लासात पडलो. चौदा वर्षांत बावीस मालक झाले. एकजात सगळ्यांनी पहिली दहा पानं पिवळ्या पेनानं रंगवली आणि पुढे मला हात लावला नाही. त्यात क्लासचे विक्रम सर! माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावर एका सहायक क्रियापदाची भविष्यकाळातली सहा रूपं आहेत. ‘तोवर मी हे केलेलं असेल’ असं सांगायचं तर त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. पण सरांचंच घोडं तिथे अडायचं. म्हणून पोरांना सांगायचे, हे ऑप्शनला टाका. पोरंही खूश! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मयुरी माझी तेविसावी मालकीण. तिला एका कंपनीत स्पॅनिश बोलायची नोकरी हवी होती. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिनं ते पान उघडलं. सकाळभर घोकलं, तरी सहा रूपं डोक्यात राहीनात. ती रडकुंडीला आली. तिचे वडील मारोतराव शेजारी येऊन बसले. पूर्वी ते मागावर लुगडी विणायचे, आता गोदामावर रखवाली करतात. मला हसू आलं. इंग्रजी अक्षर न येणारा हा माणूस मला काय वाचणार, कपाळ!

त्यांनी तिला मोठ्यानं वाचायला लावलं. आब्रे, आब्रास, आब्रा, आब्रेमोस...

“थांब वं,” मारोतराव म्हणाले. “समोरचा ‘आब्र’ सगळीकडे तोच आहे. मागावर उभा ताणा तोच राह्यते, आडवा बाणा तेवढा बदलते. मग सगळं घोकून काहून राहिली?”

मयुरीनं ‘आब्र’ एकदाच लिहिलं आणि त्याच्यापुढे सहा शेपट्या मांडल्या. चहा व्हायच्या आत पान तिला पाठ झालं. सरांना चौदा वर्षांत जे दिसलं नाही ते या माणसानं नुसतं ऐकून ओळखलं.

मुलाखतीत तिला विचारलं, वर्षभरानं काय झालेलं असेल? मी तिच्या पिशवीत होतो. मयुरी स्पॅनिशमध्ये न अडखळता म्हणाली, “माझ्या बाबांनी रखवाली सोडलेली असेल.”

नोकरी मिळाली. विक्रम सर अजून तेच पान ऑप्शनला टाकायला सांगतात, त्यांचं सोडा. पण मित्रांनो, तुम्ही अवघड पान टाकू नका. आणि माणूस तर मुळीच टाकू नका. मारोतरावांना मी न उघडताच ऑप्शनला टाकलं होतं, त्याची लाज मला आजही वाटते.