धूमडोंगरावरचा पूल

धूमडोंगराच्या वाटेवर एकूण अकरा वळणं, एक बोगदा, एक दगडी पूल आणि लाव्हाची सात तळी होती. सहा तळी उजव्या हाताला आणि सातवं डावीकडे, शेवटच्या रेषेच्या अगदी तोंडाशी. टीव्हीच्या पडद्यावरचा हा ज्वालामुखी मोजपट्टीने डोळे मिटूनही काढून दाखवला असता. मोजपट्टी हे घरातल्या धाकट्या लेकीचं टोपणनाव. चहात साखर घालतानासुद्धा ती चमचा बोटाने सपाट करून घेई, त्याला कोण काय करणार?

दादाने तो गेम आणला तेव्हापासून घरातला प्रत्येक तंटा धूमडोंगरावरच सुटायचा. खिडकीजवळची खुर्ची कोणाची, कचरा कोण टाकणार, सगळं तीन फेऱ्यांच्या शर्यतीवर. आता लग्न होऊन दादा वेगळा राहायला गेला होता, गेम मागे ठेवून, आणि त्याची खोली रिकामी झाली होती.

त्या खोलीला दार होतं, हे मोजपट्टीच्या दृष्टीने तिचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती रात्रपाळी करायची आणि दिवसा हॉलमध्ये गादी घालून झोपायची. म्हणजे झोपायचा प्रयत्न करायची. कारण हातभर अंतरावर, आरामखुर्चीत, बाबा घोरायचे. तिने फोनवर मोजलंही होतं: एक मीटरवरून बासष्ट डेसिबल. गेले चार महिने तिला सलग दोन तासांची झोप लागली नव्हती. परवा तर प्रयोगशाळेत तिने नमुन्याच्या बाटलीवर तारखेऐवजी स्वतःचा फोन नंबर लिहिला होता आणि साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच दोन ट्रंका घेऊन आत्या कायमची राहायला आली.

आत्या बाबांची सख्खी थोरली बहीण. सारा जन्म तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्यात घालवला, शेजारच्या सीटवर बसून, पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक घेऊन. मोजपट्टीलाही गाडी तिनेच शिकवली होती. सगळ्या शिकवणीत "बरं" याच्यापलीकडे कौतुकाचा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

"खोली मला लागेल," आत्या ट्रंकेवर बसत म्हणाली. "माझे गुडघे बघ."

"गुडघ्यांना दार कशाला लागतं, आत्या? मला दार असलं तर झोप लागेल."

"अरे, ऐकतोस ना लेकीचं?" आत्याने बाबांना विचारलं.

बाबांनी आरामखुर्चीतून हात वर केला. "मला मध्ये घेऊ नका. धूमडोंगर आहे ना!"

मोजपट्टीला आतून गुदगुल्या झाल्या. धूमडोंगराचं मर्म होतं तो पूल. बोगद्यातून गाडी बाहेर पडली की डोंगर गुरगुरे आणि बरोबर सहा सेकंदांनी पूल कोसळे, पुढच्या फेरीला पुन्हा उभा. बोगद्यापासून पूल ओलांडायला लागत चार. म्हणजे दोन सेकंद हातात, आणि लांबच्या रस्त्यापेक्षा नऊ सेकंदांची बचत. तिने हे एकटीने चाळीस वेळा करून पाहिलं होतं. चाळीसच्या चाळीस वेळा पूल टिकला होता.

शनिवारी दुपारी दोघी सोफ्यावर बसल्या. आत्याने आधी पाठीमागची उशी नीट केली, मग विचारलं, "आरसा कुठाय यात?"

"आरसा नसतो गं."

"मागचं कसं दिसणार मग? आणि हॉर्न?"

शर्यत सुटली. मोजपट्टी झपाट्याने पुढे निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि आत्या सवयीने सतरंजीवर पाय आपटून ओरडली, "ब्रेक!"

मोजपट्टीच्या अंगठ्याने ब्रेक दाबला. तिने नव्हे, अंगठ्याने. गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि आत्या सावकाश, हाताने वळणाची खूण करत, बाजूने निघून गेली.

हरकत नाही, पूल आहे. मोजपट्टी बोगद्यातून सुसाट बाहेर आली, पुलाच्या मध्यावर पोचली, आणि पूल तिच्यासकट खाली गेला. दहा सेकंदांनी गेममधल्या क्रेनने तिला गळाला लागलेल्या माशासारखं बाहेर काढलं.

"मी जाणारच नव्हते त्यावर," लांबच्या रस्त्याने जाणारी आत्या म्हणाली. "किती वजन पेलतो ते कुठे लिहिलंय?"

चाळीसात एखादं चुकायचंच, असं म्हणून दुसऱ्या फेरीत मोजपट्टी पुन्हा पुलावर गेली आणि पुन्हा खाली आली.

क्रेन तिला वर काढत होती तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. डोंगर गुरगुरायचा तो सगळ्यात पुढची गाडी बोगद्याबाहेर आली की! सरावात पुढे कोण होतं? तीच. मागे कोण होतं? तीच. चाळीस प्रयोग, आणि एकातही दुसरी गाडी नाही! कॉलेजात असा प्रयोग कोणी दाखवला असता तर हिनेच त्याची टर उडवली असती.

म्हणजे बोगद्याच्या आत आत्याला गाठायलाच हवं होतं. आणि आत्याचा आवाज ऐकायचा नव्हता. मोजपट्टीने मोठमोठ्याने पाढा सुरू केला.

"एकोणतीस! अठ्ठावन्न! सत्त्याऐंशी!"

"काय झालं हिला?" बाबा दचकून जागे झाले.

"ब्रेक!" आत्या ओरडली.

"एकशे सोळा! एकशे पंचेचाळीस!"

अंगठा हलला नाही. बोगद्यातच तिने आत्याला मागे टाकलं, डोंगर गुरगुरला, पूल पार झाला आणि तिच्या मागे ढासळला. आत्या लांबच्या रस्त्याने येत होती, नऊ सेकंद मागे. दहावं वळण. अकरावं. समोर शेवटची रेषा, डावीकडे सातवं तळं. "दोनशे एकसष्ट! दोनशे नव्वद!" पाढा संपला. क्षणभर खोलीत शांतता झाली.

त्या शांततेत आत्या हळूच म्हणाली, "छान चालवतेस गं."

मोजपट्टीने वळून तिच्याकडे पाहिलं. आत्या खरंच म्हणाली का? चेहऱ्यावरून काही कळेना. आत्याची नजर रस्त्यावरच होती. मोजपट्टीच्या हातातला कंट्रोलर मात्र तिच्याबरोबरच डावीकडे वळला होता.

क्रेन यायला दहा सेकंद लागले. आत्या एका सेकंदाने जिंकली, आणि रेषेपलीकडे गाडी व्यवस्थित कडेला लावली.

"पण ते खरं होतं की मुद्दाम?" मोजपट्टीने विचारलं.

"गाडी चालवताना रस्त्याकडे बघायचं असतं," आत्या म्हणाली आणि ट्रंक ओढत खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी रात्रपाळीहून आली, जेवली आणि हॉलमध्ये गादी घातली. बाबा आरामखुर्चीत झोपले होते. खोलीचं दार आतून घट्ट लावलेलं होतं. ती काही वेळ छताकडे बघत पडून राहिली, मग उठली आणि उशाखालून फोन काढला.

बाबांपासून एक मीटरवर: बासष्ट डेसिबल. आत्याच्या बंद दारापासून, बाहेरच्या बाजूने, एक मीटरवर: सदुसष्ट.