आईची अर्धी गाडी

माझ्या सासुरवाडीला, गोव्यात डिचोलीजवळच्या सर्वणला, एक गाडी आहे. गाडी म्हणजे चालते ती, असा तुमचा समज असेल तर तो इथेच सोडा. ही लाल रंगाची, दोन सीटांची, बिनछपराची स्पोर्ट्स कार. गोवा मुक्त झाल्यावर पणजीचा एक पोर्तुगीज वकील घाईघाईने लिस्बनला निघाला, तेव्हा माझे सासरे कृष्णनाथ यांनी ती त्याच्याकडून घेतली. गाडी का घेतली, हे ते कधी सांगू शकले नाहीत. त्या काळी खाणीवर पैसा होता आणि माणसं काहीही घेत होती.

सासऱ्यांनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सासूबाईंना शब्द दिला होता की तुला ह्या गाडीतून नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला नेईन. पण नवी सून उघड्या गाडीतून डिचोलीच्या बाजारातून गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून ते राहिलं. मग मुलं झाली, आणि सीटा दोनच. मग पेट्रोल महागलं. मग सासरेच गेले. गाडी मागच्या शेडात ढकलली गेली, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या, आणि सासूबाई, म्हणजे पद्मावतीबाई, ज्यांना आम्ही सगळेच आई म्हणतो, त्या दर उन्हाळ्यात तिच्या बॉनेटवर कोकमाची सोलं वाळत घालू लागल्या. नवऱ्याच्या शब्दाचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

पुढे खाणी बंद पडल्या. माझा मेहुणा गोकुळदास याचे तीन टिपर ताडपत्री पांघरून अंगणात उभे राहिले आणि गोकुळदास डिचोलीच्या हॉटेलात बसू लागला. तिथे त्याच्यासारखेच बिनकामाचे टिपरमालक बसत. ओरचे, म्हणजे खाणीतल्या लोहखनिजाचे, भाव बोलण्याची सवय जिभेला होती आणि ओर तर नव्हतं. मग कोणीतरी जुन्या गाड्यांचा विषय काढला. पेडण्याकडे कुणीतरी अशीच एक जुनी स्पोर्ट्स कार आठ लाखांना विकली म्हणे. पातळ भाजी आणि पाव येईपर्यंत ती बारा लाखांना गेली होती. दुसऱ्या चहाला वीस. मी बँकेत नोकरी करतो, पण व्याज इतक्या वेगाने चढताना मी पाहिलेलं नाही. विकणारा कोणाला भेटला नव्हता, घेणाराही नाही, किंमत तेवढी सगळ्यांना पाठ होती.

"भावोजी, आमच्या शेडात लाखो रुपये कुसतत," गोकुळदास मला म्हणाला. मी म्हटलं, अंडी तरी ताजी मिळतात. जावई असल्यामुळे मला त्या घरात चहा चांगला मिळतो, मताला मात्र कोणी विचारत नाही.

गोकुळदासने पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावला. तो यायच्या आधी कोंबड्या हाकलल्या, आणि माझी बायको शालिनी हिने साबण लावून उजवा मडगार्ड घासून चकचकीत केला. तज्ज्ञ आला, पांढरे हातमोजे घातले, शेडात शिरला आणि मडगार्ड बघून मयताला आल्यासारखा उभा राहिला.

"हे कोणी केलं?"

शालिनी मान खाली घालून उभी राहिली.

"मूळ धूळ होती ती! चाळीस वर्षांची अस्सल धूळ! लोक अशा धुळीसाठी जीव टाकतात. आणि आत कोंबड्या होत्या असं तुम्ही फोनवर म्हणाला होता. कुठे आहेत त्या?"

"एक तुमच्या जेवणाक आसा," आई म्हणाल्या. "शागुती केल्या."

तज्ज्ञाने पुढे बॉनेटवरून बोट फिरवलं. सोलांच्या रसाने रंग खाल्ला होता आणि तिथे जांभळट तांबडे डाग पडले होते. तो आणखी खाली वाकला. ही छटा कुठल्याही कारखान्यात काढता येत नाही म्हणाला, आणि आपल्या कागदावर 'किनारी हवेने आलेली दुर्मिळ झळाळी' असं लिहून घेतलं. आईंनी हसू दाबायला पदर तोंडाशी नेला.

सगळ्यात शेवटी त्याने मैलांच्या मीटरचा फोटो काढला. एकदा नाही, चारदा.

"हे तुमचं खरं सोनं. गाडी जवळजवळ चाललेलीच नाही. आता हिला अजिबात चालवू नका. मीटर पुढे सरकलं की किंमत उतरली म्हणून समजा. आहे तशी राहिली, तर साठ लाख."

गोकुळदास पायरीवर बसला. मी न राहवून विचारलं, "मग घेणारा तरी चालवेल ना?"

तज्ज्ञाने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "घेणारा काचेच्या खोलीत ठेवेल. एसी लावून."

"आणि मग?"

"मग किंमत वाढेल."

दुसऱ्या दिवशी गोकुळदासने डिचोलीच्या बाजारातून नव्या गावठी कोंबड्या आणून गाडीत बसवल्या. मडगार्डवर अंगणातली माती फुंकली. कोंबड्यांना परकी जागा रुचेना, त्या बाहेर पळत, आणि हा मोठा टिपरमालक त्यांना धरून धरून साठ लाखांच्या सीटवर नेऊन ठेवी.

विक्रीसाठी वकिलाकडे गेल्यावर खरी अडचण कळली. आपल्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे लग्न झालं की नवऱ्याच्या मिळकतीत अर्धा वाटा बायकोचा. म्हणजे अर्धी गाडी आईंची, उरलेल्या अर्ध्यात गोकुळदास आणि शालिनी. आईंच्या सहीशिवाय काही हलणार नव्हतं. त्या नाही म्हणतील, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांनी आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

"अर्दी माजी?" आईंनी विचारलं.

"होय आये. हय सही कर."

"अर्दी म्हणजे एक सीट माजी."

"तशीच समज."

"मगे माका माज्या सीटीर बसवन नार्व्याक व्हर. मगे सही करतंय."

गोकुळदास हसला. आई हसल्या नाहीत. तेव्हा तो घाबरला.

"आये, मीटर फिरतलो!"

"फिरांदी."

"किती लाख जातले, तुका कळता?"

"तुज्या बापायन माका सबद दिल्लो. तेचे किती लाख, तां तुका कळता?"

आठ दिवस घरात बोलणं बंद होतं. शालिनी आईच्या बाजूने, मी शालिनीच्या बाजूने, कोंबड्या कोणाच्याच बाजूने नाहीत. नवव्या दिवशी गोकुळदासला सुचलं. गाडी चालवायचीच कशाला? गाडी टिपरवर चढवायची, आईंना गाडीत बसवायचं, आणि टिपर नार्व्याला न्यायचा. आई गाडीत बसून देवाला जाणार, मीटर जागचं हलणार नाही. इतकी वर्षं खाणीवर काढलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

"ओर न्हेतत तशी माका न्हेतलो?" आईंनी विचारलं. मग जरा विचार करून म्हणाल्या, "सीट माजीच मगे? चल."

टायरांत हवा भरली, कोंबड्या उतरवल्या, गाडी टिपरच्या हौद्यात चढवून काथ्याने बांधली. आईंनी ठेवणीतली साडी नेसली, मांडीवर देवाचा नारळ घेतला आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर मिळालेला काळा चष्मा लावला. कुठली सीट, हेही त्यांनीच ठरवलं. स्टिअरिंगवाली. टिपर चालवायला दोडामार्गचा पांडुरंग होता. वीस वर्षं त्याने खाणीपासून नदीपर्यंत ओरच्या खेपा केलेल्या. मी, शालिनी आणि गोकुळदास मागून स्कूटरवर आणि मोटरसायकलवर.

डिचोलीच्या बाजारातून आम्ही गेलो तेव्हा लोक दुकानांतून बाहेर आले. टिपरच्या उंचीवर लाल गाडी, तिच्यात काळा चष्मा लावलेली म्हातारी, दोन्ही हात स्टिअरिंगवर. दोघातिघांनी हात जोडले. आईंनी मान किंचित हलवून नमस्कार घेतला. मला वाटतं त्यांना ते आवडलं.

नार्व्याला नदीकाठी ओर उतरवण्याचा एक जुना प्लॉट आहे. तिथला मातीचा बंधारा टिपरच्या हौद्याइतका उंच, पलीकडे शेतापर्यंत उतार. त्या उतारावरून एक रुंद पायवाट बंधाऱ्याला वळसा घालून देवळाकडे जाते. आईंना हौद्यातून थेट बंधाऱ्यावर उतरता यावं म्हणून पांडुरंगने टिपर उलटा लावला आणि मागची फळी उघडली. इथपर्यंत शहाणपणाचं काम झालं. पण पुढे नदी, मागे प्लॉट, टिपर उलटा लागलेला, आणि पांडुरंगचा हात. तो हात आपसूक ओर ओतायच्या लिव्हरवर गेला आणि त्याने हौदा उचलला.

काथ्या तुटला. गाडी हौद्यातून मागे घरंगळली, बंधाऱ्यावर आली आणि पलीकडच्या उतारावरून उलटी शेताकडे निघाली. तिचं तोंड आमच्याकडे होतं. त्यामुळे आई आमच्याकडे बघत बघत आमच्यापासून लांब जात होत्या, हात स्टिअरिंगवर, पदर उडालेला. शालिनी किंचाळली. मी धावलो तो चप्पल सोडून.

गाडी पेंढ्याच्या ढिगाला टेकून थांबली. आम्ही पोचलो तेव्हा आई हसत होत्या. खदाखदा, चष्मा कपाळावर, नारळ मांडीवर शाबूत. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

"एकदा गाडयेत बसलंय," त्या म्हणाल्या, "तीय उलटी फाटी गेली!"

"हात आपसूक गेलो, आये," पांडुरंग रडवेला होऊन सांगत होता. "वीस वर्सां ह्याच केलंय."

गोकुळदास वाकला. मला वाटलं आईच्या पाया पडतोय. तो मीटर बघत होता. मैलाचा दहावा भाग दाखवणारा शेवटचा छोटा आकडा निघताना चारवर होता. आता तीन.

"भावोजी! उलट गेल्यार मीटर उलट फिरता! मैल कमी झालो! किंमत वाडली!"

"तज्ज्ञाने चार फोटो काढलेत," मी म्हटलं. "फोटोत चार आहे, इथे तीन. मीटर मुद्दाम मागे फिरवलं, असं घेणारे म्हणतील. फसवणूक म्हणून व्यवहार मोडेल."

त्या घरात माझं मत पहिल्यांदाच ऐकलं गेलं. गोकुळदासचा चेहरा उतरला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आईंच्या तर आधीच पडला होता. त्या सीटवर सरळ बसल्या, चष्मा खाली ओढला आणि म्हणाल्या, "ढकला."

चाराचा आकडा परत आणायला दुसरा उपायच नव्हता. गोकुळदास, पांडुरंग, मी, आणि कासोटा खोचून शालिनी, आम्ही चौघांनी ती गाडी उतारावरून वर ढकलली. आई स्टिअरिंग फिरवत होत्या, चुकत होत्या, आम्हालाच ओरडत होत्या. बंधाऱ्याच्या वळणाशी येईपर्यंत आमचा घाम पायांपर्यंत पोचला. तिथे आकडा हळूच चारवर बसला.

"थांबा!" गोकुळदास ओरडला आणि त्याने धावत जाऊन चाकाखाली दगड सारला. "जुळलो! आतां एक बोटभर हलवं नकात."

पायवाट पुढे देवळाकडे जात होती. दीपस्तंभ तिथूनच दिसत होता.

"देवळ फुडें आसा," आई म्हणाल्या.

"ह्यां नार्वेंच मगे, आये. तुका नार्व्याक हाडली. आतां चलत जा, दर्शन घे, आनी सही कर."

आई उतरल्या नाहीत. दीपस्तंभाकडे बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं.

"तुजो बापूय अस्सोच थांबय," त्या म्हणाल्या. "दर खेपेक. तेचांय कारण बरां आसय."

गोकुळदास लोभी आहे, हे मी गावभर सांगत आलो आहे आणि पुढेही सांगेन. पण तो तिथे मीटरकडे बघत उभा राहिला, मग आईकडे, मग परत मीटरकडे. त्याने पायाने दगड उडवला.

"ढकला," तो म्हणाला आणि सगळ्यांत आधी स्वतः गाडीला भिडला.

देवळासमोर पोचता पोचता आकडा पाचवर गेला. गोकुळदासने त्या वेळी डोळे मिटून घेतले होते, पण ढकलायचं थांबवलं नव्हतं. दारातली माणसं बाजूला झाली. आईंनी साडी नीट केली, नारळ उचलला आणि उतरायच्या आधी हॉर्न दाबला. तो वाजला नाही. पुन्हा दाबला. मग त्यांनी तोंडानेच वाजवला, देवळातल्या भटजींनी बाहेर येऊन बघावं इतका मोठ्याने.